दुपारी ३ वाजून ६ मिनिटे

१६ ऑक्टोबर २००७ हा मंगळवार होता. त्या दिवशी दुपारी ३ वाजून ६ मिनिटांनी वेदांता अ‍ॅल्युमिनियम या कंपनीकडून दुबईच्या ट्रायमेक्स इंटरनॅशनल या खनिज-व्यापारी कंपनीला एक ई-मेल गेला. ऑस्ट्रेलियातून भारतात बॉक्साइटची पाच जहाजे आणण्याचा सौदा पक्का, असा त्याचा आशय होता. त्याला ना मुद्रांक होता, ना शिक्का, ना शाईची सही. महिन्याभरात सौदा फिसकटला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न साधा होता. करार झाला होता का? झाला असेल, तर कोणत्या क्षणी?

साधनांविषयी आधीच सांगायला हवे. मूळ ई-मेल आपल्यासमोर नाहीत. आपल्या हाती आहे ते २२ जानेवारी २०१० चे निकालपत्र. त्यात न्यायमूर्ती पी. सदाशिवम यांनी त्या पत्रव्यवहाराचा क्रम लावला, त्यातले हवे ते भाग उतरवून घेतले आणि त्यांचा अर्थ सांगितला. म्हणजे मूळ पत्रे गेलेली आणि त्यांच्या नकला कोणा विचक्षण कारकुनाच्या वहीत उरलेल्या, तशी ही स्थिती. अशा नकलेवर विसंबता येते, मात्र निवड नकल करणाऱ्याची आहे हे विसरून चालत नाही.

ही कथा २००७ च्या बरीच आधी, विदर्भात सुरू होते.

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबाद आणि खामगाव यांच्यात एक ट्रंक कॉल झाला. खामगावच्या बाजूला जिनिंग फॅक्टरी आणि तेलगिरणी चालवणारी पेढी होती, अहमदाबादच्या बाजूला खरेदीदार. विषय सरकीच्या पेंडीचा. पुढे खरेदीदारांनी कराराप्रमाणे माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. हा खटला कायद्याच्या पुस्तकांत भगवानदास गोवर्धनदास केडिया खटला म्हणून ओळखला जातो.

फोनवर नेमके कोण काय बोलले, याचा कागद असणे शक्यच नव्हते. दोन्ही बाजूंनी दोन हकिगती सांगितल्या. खरेदीदार म्हणाले, विक्रीचा प्रस्ताव खामगावकडून आला आणि आम्ही तो अहमदाबादेत स्वीकारला. पेढी म्हणाली, खरेदीचा प्रस्ताव अहमदाबादहून आला आणि आम्ही तो खामगावात स्वीकारला, माल तिथेच द्यायचा होता आणि पैसेही तिथेच मिळायचे होते. खालच्या न्यायालयाने घटनांबाबत पेढीची हकीगत मानली. तरीही दावा अहमदाबादेत चालेल असे ठरवले, कारण खामगावात उच्चारलेला होकार ऐकला गेला तो अहमदाबादेत.

आता मुद्दा घटनेचा राहिला नाही, कायद्याच्या एका वाक्याचा झाला. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचे चौथे कलम सांगते की प्रस्ताव देणारा बांधला जातो तो समोरच्याचा होकार वाटेला लागताच, म्हणजे होकार देणाऱ्याच्या हातून सुटताच. हे कलम टपालाकडे पाहून लिहिले आहे. पत्र पेटीत पडले की करार झाला. बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ मध्ये. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन नव्हता, एवढे या दोन सालांवरून निश्चित म्हणता येते.

३० ऑगस्ट १९६५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती याच मुद्द्यावर विभागले. न्या. जे. सी. शाह आणि न्या. वांच्छू यांनी म्हटले की टेलिफोनला टपालाचा नियम लागू नाही. दोन माणसे समोरासमोर बोलावीत तसे हे बोलणे आहे, म्हणून होकार जिथे ऐकला जातो तिथे करार होतो. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदवले. नागपूरच्या उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती राहिलेले हे गृहस्थ शब्दांना धरून बसले. कलमाचे शब्द व्यापक आहेत, खामगावात तोंडून निघालेला होकार बोलणाऱ्याच्या हातून सुटला, मग करार खामगावातच झाला, असे त्यांचे म्हणणे. मला त्यांचे वाचन कायद्याच्या मजकुराशी अधिक प्रामाणिक वाटते, आणि बहुमताचे वाचन टेलिफोनच्या स्वभावाशी. बहुमताचा नियम रूढ झाला.

ई-मेल आल्यावर हा जुना पेच नव्याने उभा राहिला. ई-मेल टपालासारखा की टेलिफोनसारखा? तो लिहिला जातो आणि साठतो, वाचला जाईपर्यंत पडून राहतो, म्हणून पत्र. क्षणात पोचतो, म्हणून फोन. १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तेराव्या कलमात याचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक-यंत्रणेत शिरला की तो ‘निघाला’. घेणाऱ्याने ठरवून दिलेल्या यंत्रणेत शिरला की ‘पोचला’. १८७२ चे कलम आणि २००० चे कलम शेजारी ठेवून वाचताना मी थबकलो. आधी ‘हातून सुटणे’, नंतर ‘ताब्याबाहेर जाणे’. सव्वाशे वर्षांनंतरही मसुदा लिहिणारे हात त्याच कल्पनेकडे वळले होते. टपालपेटीच्या जागी सर्व्हर आला, एवढाच फरक.

स्थळाचे काय? ई-मेल तर कुठूनही उघडता येतो. कायद्याने यंत्र सोडून माणसाचे ठिकाण धरले: संदेश पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या जागेहून निघाला आणि घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या जागी पोचला, असे मानायचे. याची कसोटी २००५ मध्ये लागली. भारत कोकिंग कोलने ई-लिलावात ४,००० मेट्रिक टन कोळशाची एका वाहतूक संस्थेची बोली स्वीकारली आणि १९ जुलै रोजी तसे ई-मेलने कळवले. संस्थेने ८१.१२ लाख रुपयांचा धनादेश भरला. मग दुसरा ई-मेल आला, सौदा रद्द. संगणकाच्या प्रणालीतील दोषामुळे एक चढी बोली गणतीत आली नव्हती, असे कारण पुढे आले. कोळसा झारखंडात, पण संस्थेचा व्यवसाय उत्तर प्रदेशात, तेव्हा होकार तिथे पोचला असे धरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्रकरण आपल्या अधिकारक्षेत्रात घेतले. खामगावच्या ट्रंक कॉलचा नियम ई-मेलच्या बाबतीतही टिकला.

आता पुन्हा बॉक्साइटकडे.

निकालपत्रातून उभा राहणारा क्रम असा. १५ ऑक्टोबर २००७, सोमवार, दुपारी ४ वाजून २६ मिनिटे: ट्रायमेक्सचा व्यापारी प्रस्ताव ई-मेलने जातो. त्यात किंमत, प्रमाण, मालाचा दर्जा, पोचवणी, पैसे देण्याची रीत आणि एक ओळ लवादाविषयी. मग मेलमागून मेल जातात. दुसऱ्या दिवशी ३ वाजून ६ मिनिटांनी पाच जहाजांना होकार येतो. प्रस्तावापासून होकारापर्यंत २२ तास ४० मिनिटे. ही वेळ भारतीय धरली तर दुबईच्या घड्याळात तेव्हा १ वाजून ३६ मिनिटे झाली होती. ‘धरली तर’ असे मुद्दाम लिहितो. छापील ई-मेलवरची वेळ कोणत्या घड्याळाची आहे हे पाहणे, हे जुन्या पत्रावरची तारीख शुहूर सनातली की शालिवाहन शकातली हे पाहण्याइतकेच आवश्यक असते. इथे मात्र वेळ कोणतीही धरली तरी क्रम बदलत नाही, आणि वादाला महत्त्व क्रमाचे होते.

नंतरचे तीन आठवडे आपण वगळू. ८ नोव्हेंबरला ट्रायमेक्सने रीतसर करारनाम्याचा मसुदा पाठवला. त्यात लवादाचे सविस्तर कलम होते, आणि वेदांताकडून त्यावर काही सूचना आल्या. ९ नोव्हेंबरला ट्रायमेक्सने ऑस्ट्रेलियातील रिओ टिंटो कंपनीशी २,२५,००० टन बॉक्साइटचा खरेदी करार केला. पाच जहाजांत वाटले तर प्रत्येकी सरासरी ४५,००० टन. हा भागाकार माझा आहे. त्या वर्षीच्या पंचांगाप्रमाणे ९ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. आपल्याकडच्या पेढ्यांवर त्या संध्याकाळी नव्या चोपड्या पुजल्या जात असताना हा मोठा सौदा कागदावर उतरत होता. निकालपत्राला या योगायोगाशी कर्तव्य नाही. तारखांच्या मागे माणसांचे दिवस असतात, म्हणून तो इथे नोंदवला.

सोमवारी, १२ नोव्हेंबरला, वेदांताकडून मेल आला: मालाची पुढची रवानगी तूर्त थांबवा. जहाज तर आधीच ठरले होते. बोलणी तुटली. ८ तारखेच्या मसुद्यावर अखेरपर्यंत दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या नाहीत.

वेदांताची बाजू हलकी नव्हती. मसुद्यावर सूचना चालू होत्या, म्हणजे अजून मने जुळलेली नव्हती. सही झालीच नाही, मग करार कसला? शिवाय प्रस्तावातली लवादाची ओळ विचित्र होती. करार भारतीय कायद्याने चालेल, आणि ‘मुंबई न्यायालयांत लवाद’. लवाद न्यायालयांत होत नसतो. न्यायालय टाळण्यासाठीच तो असतो. घाईत टंकलेल्या या ओळीवर कोट्यवधींचा वाद तोलायचा का?

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात एक गोष्ट समान होती. मेल गेले-आले, याबद्दल तंटा नव्हता. तंटा होता तो त्यांच्या अर्थाचा. म्हणून न्यायमूर्तींना मेल खरे की खोटे हे तपासावे लागले नाही, ते क्रमाने वाचावे लागले. मिनिटामिनिटाच्या त्या पत्रव्यवहारातून त्यांनी निष्कर्ष काढला की सौद्याची मुख्य अंगे ठरलेली होती आणि ३ वाजून ६ मिनिटांचा होकार बिनशर्त होता. करार एकदा झाला की तो पुढे रीतसर कागदावर उतरायचा राहिला, एवढ्याने तो मोडत नाही. लवादाच्या विचित्र ओळीतूनही तंटा लवादाकडे नेण्याचा हेतू पुरेसा स्पष्ट आहे, असे त्यांनी ठरवले आणि लवाद नेमला.

माझ्या दृष्टीने या पत्रव्यवहारातला सर्वांत बोलका पुरावा १२ नोव्हेंबरचा मेल आहे. जो सौदा झालाच नाही, त्याची रवानगी थांबवा असे कोणी कशाला लिहील? माणूस दावा करायला बसतो तेव्हा सावध असतो. कामाच्या ओघात लिहिताना तो जे गृहीत धरतो, ते त्याच्या विधानांपेक्षा जास्त सांगून जाते. रोजकीर्दीतली एक नोंद बखरीच्या दहा पानांना भारी पडते, ती याचमुळे.

या निकालाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. न्यायालयापुढे प्रश्न होता लवाद नेमण्याचा. कोणी कोणाचे किती देणे लागते हा प्रश्न लवादाच्या खोलीत गेला, आणि ती खोली जनतेला उघडी नसते. २०१९ च्या दुरुस्तीने तर ही गुप्तता कायद्यातच लिहिली गेली. त्याआधी २०१५ मध्ये लवाद कायद्याच्या सातव्या कलमात एक शब्दसमूह वाढला होता: लवादाचा करार पत्रे, टेलेक्स, तार यांच्या देवाणघेवाणीतून होतो, त्यात ‘इलेक्ट्रॉनिक साधनांनी केलेला पत्रव्यवहार’ही येतो. ही दुरुस्ती २३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. पाच जहाजांच्या वादात वकिलांना जे पटवून द्यावे लागले, ते आता कायदाच सांगतो.

पण मेल गेलेच नाहीत, असे एका बाजूने म्हटले असते तर?

तिथे वेगळा शोध सुरू होतो. ई-मेलच्या माथ्यावर ‘प्रेषक’ म्हणून जे नाव दिसते, ते पाकिटाच्या मागे लिहिलेल्या नावासारखे असते. लिहिणारा काहीही लिहू शकतो. खरा माग आत दडलेला असतो. संदेश ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली एक ओळ वेळेसह वर चिकटवतो, टपाल कचेऱ्यांनी पाकिटावर ठप्पे मारावेत तशी. म्हणून हे ठप्पे खालून वर वाचायचे असतात, आणि तळातल्या ओळींवर विश्वास सर्वांत कमी ठेवायचा, कारण त्या पाठवणाऱ्याने बनवलेल्या असू शकतात. छापील प्रतीत यांतले जवळजवळ काहीच येत नाही.

कायद्याने याबाबत ठेवलेला संयम मला मोलाचा वाटतो. पुरावा कायद्याच्या ८८अ कलमाप्रमाणे न्यायालय असे गृहीत धरू शकते की पोचलेला ई-मेल हा पाठवणाऱ्याच्या संगणकात भरलेल्या मजकुराशी जुळतो. मात्र तो कोणत्या व्यक्तीने पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरायचे नाही. पेशवे दप्तर चाळणाऱ्याला हा भेद परका नाही. पत्र ज्याच्या नावाचे, त्याच्या हातचे ते क्वचितच असते. मजकूर कारकुनाचा, नाव धन्याचे. म्हणून तर माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. मोर्तबाच्या खाली कोणी ओळ घुसवली तर ती मर्यादेबाहेरची म्हणून ओळखू येई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो, पण त्यातल्या दुसऱ्या भागाचे काम छेडछाड उघडी पाडणे हे होते.

संगणकी नोंदीचे मोर्तब म्हणून २००० साली ६५ब कलम आले: नोंदीची प्रत दाखल करायची तर ती ज्या यंत्रणेतून निघाली तिचा ताबा असणाऱ्याचे प्रमाणपत्र हवे. न्यायालयांनी या अटीवर बराच काळ हेलकावे खाल्ले. २००५ मध्ये, संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, प्रमाणपत्राविना चालेल असे ठरले. सप्टेंबर २०१४ मध्ये अन्वर खटल्यात ते अनिवार्य ठरले. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सवलत मिळाली. हा गोंधळ मिटला तो महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात, आणि तिथेही प्रश्न दुपारच्या तीन वाजताचा होता.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे होते की खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाले. निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणात ते दिसते, असा त्यांचा दावा होता. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या. प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीतल्या उत्तरांचाही आधार घेतला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ जुलै २०२० चा. न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांनी प्रमाणपत्राची अट कायम ठेवली. मूळ यंत्रच, म्हणजे लॅपटॉप किंवा फोन, मालकाने साक्षीला येऊन दाखवला तर प्रमाणपत्र नको. एरवी हवेच. पण जे दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि सर्व प्रयत्न करूनही तो देत नाही, ते आणण्याची सक्ती कायदा करत नाही. गोरंट्याल यांनी प्रयत्नांत कसर ठेवली नव्हती, म्हणून त्यांना या सवलतीचा लाभ मिळाला. तोवर २०१४ ची विधानसभा इतिहासजमा झाली होती.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. ८८अ चे वाक्य तिथे ९० व्या कलमात आले, ६५ब चे प्रमाणपत्र ६३ व्या कलमात. कायद्याच्या परिशिष्टात आता प्रमाणपत्राचा नमुनाच छापलेला आहे. त्याचा पहिला भाग नोंद हजर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. यंत्र कोणते, त्याचा अनुक्रमांक काय, आणि नोंदीचे हॅश मूल्य काय. हॅश म्हणजे संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. मोर्तबाचा हा आजचा अवतार हाताळताना मला खरोखर आनंद होतो. नमुन्याच्या तळाशी सही करणाऱ्याने तारीख, स्थळ आणि वेळ लिहायची असते. वेळेपुढे छापले आहे: भारतीय प्रमाणवेळ, चोवीस तासांच्या पद्धतीत.